तिकीट जपा, पण पाकीटही जपा

मंडळाच्या गणेशोत्सवात यंदा मी माझ्या टपाल तिकिटांचे चार अल्बम टेबलावर मांडले होते. बघायला आलेल्यांनी मुख्यतः दोन प्रश्न विचारले. "काका, यातलं सगळ्यात महाग तिकीट कोणतं?" आणि "आमच्याकडे आजोबांची जुनी पत्रं पडली आहेत, त्यांवरची तिकिटं कापून आणू का?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे: माझ्याकडे फार महाग असे काहीच नाही. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मी दचकलो. म्हणून हे चार शब्द.

स्मारक तिकीट म्हणजे काय?

रोजच्या वापरासाठी पुन्हा पुन्हा छापली जातात ती नियमित तिकिटे. एखादी व्यक्ती, घटना किंवा शताब्दी यांच्या निमित्ताने सहसा एकदाच छापली जातात ती स्मारक तिकिटे. जगातले पहिले तिकीट, इंग्लंडचे १८४० सालचे 'पेनी ब्लॅक', हे नियमित होते. अमेरिकेने १८९३ मध्ये कोलंबसच्या सफरीच्या चारशे वर्षांनिमित्त १६ तिकिटांचा संच काढला. आपल्याकडे पहिली स्मारक तिकिटे १९३१ मध्ये नवी दिल्लीच्या उद्घाटनाच्या वेळी निघाली. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चे. किंमत साडेतीन आणे, त्यावर तिरंगा आणि 'जय हिंद' ही अक्षरे.

फर्स्ट डे कव्हर

नवे तिकीट ज्या दिवशी प्रसिद्ध होते, त्याच दिवशी ते खास चित्राच्या पाकिटावर लावून त्यावर त्या तारखेचा विशेष शिक्का मारतात. हेच फर्स्ट डे कव्हर, म्हणजे प्रथम दिवस आवरण. तिकीट, शिक्का आणि पाकिटावरचे चित्र, तिन्ही एकाच विषयावर बोलतात. सोबत टपाल खात्याचे माहितीपत्रकही मिळते. ते टाकू नका, निम्मी माहिती त्यातच असते. मोठ्या शहरांतील मुख्य टपाल कार्यालयात फिलाटेलीची वेगळी खिडकी असते. तेथे डिपॉझिट खाते उघडले की नवी तिकिटे आणि कव्हरे घरपोच येतात.

परदेशी तिकिटे कशी ओळखावी?

माझा परदेशी संग्रह बँकेच्या टपालातून सुरू झाला. परदेशातून येणारी रिकामी पाकिटे मी मॅनेजरसाहेबांना विचारून घरी नेत असे. सुरुवातीला देश ओळखतानाच दमछाक व्हायची. 'हेल्व्हेशिया' म्हणजे स्वित्झर्लंड, 'माग्यार' म्हणजे हंगेरी, 'सुओमी' म्हणजे फिनलंड, 'निप्पॉन' म्हणजे जपान. ज्यावर देशाचे नावच नाही, फक्त राजा-राणीचा मुखवटा आहे, ते ब्रिटनचे. तिकीट पहिल्यांदा त्यांनीच काढले, त्या मानाने त्यांना ही सवलत आजही आहे.

जगातली सगळी तिकिटे कोणालाच जमवता येत नाहीत. म्हणून एक विषय धरावा. मी गांधीजी धरले. भारताने १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांची चार तिकिटे काढली, दीड आण्यापासून दहा रुपयांपर्यंत. ती छापली गेली स्वित्झर्लंडमध्ये! परदेशांपैकी पहिले तिकीट अमेरिकेचे, २६ जानेवारी १९६१ चे. ब्रिटनने १९६९ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त तिकीट काढले आणि त्याचे चित्र भारतात जन्मलेल्या बिमान मलिक यांनी केले. ज्या साम्राज्याशी ते लढले, त्याच्याच राणीच्या मुखवट्याशेजारी बापू! ते कव्हर हातात घेतले की अजूनही क्षणभर थांबायला होते. २०११ मध्ये भारताने खादीच्या कापडावर छापलेले शंभर रुपयांचे गांधीजींचे तिकीटही काढले.

फसू नये म्हणून

शाळेत असताना मी खाऊच्या पैशांतून मोठी रंगीत तिकिटे घ्यायचो: वाघ, रॉकेट, ऑलिंपिक. देशांची नावे अजमान आणि फुजैरा. पुढे कळले की या छोट्या अमिरातींच्या नावाने साठ-सत्तरच्या दशकांत असंख्य तिकिटे छापली गेली, तीही मुख्यतः आमच्यासारख्या पोरांना विकण्यासाठी. ओळखायची खूण सोपी आहे. कोपऱ्यात नेटका शिक्का असेल आणि मागे डिंक मात्र शाबूत असेल, तर ते तिकीट कधी पत्रावर लागलेच नाही. हल्ली काही देशांच्या नावाने बनावट तिकिटेही निघतात. जागतिक टपाल संघाने २००२ पासून सदस्य देशांच्या अधिकृत तिकिटांना क्रमांक देण्याची पद्धत सुरू केली आहे. शंका आली तर तेथे पडताळून पाहावे.

आयुष्य बँकेत गेल्यामुळे एक सांगणे भाग आहे. हा छंद आहे, मुदत ठेव नव्हे. कव्हरे मोठ्या संख्येने निघतात आणि बहुतेक साधी कव्हरे विकायला गेलात तर घातलेले पैसेही सुटत नाहीत. आनंद हेच व्याज समजावे.

जपणूक फार अवघड नाही. तिकीट बोटांनी न धरता चिमट्याने धरावे. फेव्हिकॉल, सेलोटेप आणि लॅमिनेशन कटाक्षाने टाळावे. अल्बम उभे ठेवावेत आणि पावसाळ्यानंतर कोरड्या हवेत उघडून पाहावेत.

आता ट्रंकेतली पत्रे

आमच्या लष्करच्या जुन्या घरी आजोबांची एक ट्रंक होती. त्यांचे थोरले बंधू उज्जैनला असत. उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानातच होते. संस्थानात १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर 'ग्वालियर' अशी इंग्रजी आणि देवनागरी अक्षरे छापून ती वापरत. संस्थाने विलीन झाल्यावर ती बंद पडली. अकरा-बारा वर्षांचा असताना मी त्या पत्रांवरची तिकिटे कात्रीने कापली, बादलीत भिजवली आणि वहीत चिकटवली. उरलेली पाकिटे बंब पेटवायला गेली.

तिकिटे आजही माझ्याकडे आहेत. अशी सुटी तिकिटे बाजारात थोड्या पैशांत मिळतात. पण पत्र कोणत्या तारखेला निघाले, किती दिवसांत पोचले, पाकिटावर मोडीत काय पत्ता होता, हे सांगणारे शिक्के आणि आजोबांच्या भावाचे अक्षर जळून गेले. घरात त्यांचे दुसरे अक्षर नाही. तेव्हा कोणी रागावलेही नाही, कारण काय जळते आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

ग्वाल्हेर असो, इंदूर असो की हैदराबाद, आपल्या जुन्या घरांत अशा ट्रंका अजून आहेत. घर विकताना, आवरताना त्या रद्दीत जातात. हल्लीच्या साध्या पाकिटावरचे तिकीट खुशाल भिजवून काढा. संस्थानी किंवा स्वातंत्र्यापूर्वीचे पाकीट मात्र जसे आहे तसे, आतल्या पत्रासकट ठेवा. कापू नका, धुऊ नका. मोडी वाचता येत नसेल तर वाचणारा कोणी भेटेपर्यंत थांबा. आणि काही विचारायचे असेल तर मंडळात या. चिमटा आणि भिंग घेऊन मी बसलेलाच आहे.