कुडाला दार लावताना

सेवाग्रामच्या बापूकुटीत जाणारे चटई बघतात, चरखा बघतात, सारवलेली जमीन बघतात. दाराची चौकट कोणी बघत नाही. खरं तर ती निरखून बघावी. गांधीजी एप्रिल १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. १९४० साली या गावाचं नाव सेवाग्राम झालं. घर इथल्याच साहित्यातून, इथल्याच माणसांच्या हातांनी बांधायचं, हा त्यांचा आग्रह. देखरेख त्यांच्या शिष्या मीराबेनची. आदी निवास आधी उभा राहिला. आज आपण जिला बापूकुटी म्हणतो ती मुळात मीराबेनसाठी बांधलेली झोपडी. लाकडी खांब, बांबू, माती आणि वर कवेलू.

ब्रिटिश नौदलातल्या अ‍ॅडमिरलच्या या मुलीनं जी रीत उचलली, ती इथल्या शेतकऱ्याला मुळीच नवी नव्हती. वर्धा जिल्ह्यातला शेतावरचा कोठा असाच उभा राहतो. मेढी गाडायच्या, त्यांवर आडवं लाकूड टाकायचं, वासे, मग छप्पर. भिंतीची पाळी सगळ्यांत शेवटी: खांबांमधल्या रिकाम्या जागेत बांबूच्या कमच्यांचा नाहीतर पऱ्हाटीच्या काड्यांचा कूड, वरून शेणमातीचा लेप.

म्हणजे छप्पर आधी आणि भिंत नंतर! विटांच्या घरात याच्या बरोबर उलट. कोठ्याची भिंत म्हणजे लग्नमांडवाची कनात. सोडून घेतली तरी मांडव कोसळत नाही.

आता अशा भिंतीत दार ठेवायचं आहे. मातीच्या किंवा विटांच्या जाड भिंतीत दाराची जागा सोडली की वरचं वजन कुठे जाणार हा पहिला प्रश्न. म्हणून तिथे जाडजूड पाट टाकतात. गंमत अशी की त्या पाटावर वरची सगळी भिंत बसतच नाही. विटा एकमेकींना रेलून आपोआप कमानीसारख्या उभ्या राहतात आणि पाटाच्या वाट्याला मुख्यतः त्या कमानीखालचा तिकोनी तुकडा येतो. जुन्या पडक्या वाड्यांत पाट कुजून गेलेला असतो, खालचा तिकोन ढासळलेला असतो आणि वरची भिंत मात्र तशीच उभी. ती त्यामुळेच.

कोठ्यात हा प्रश्नच नाही. दाराच्या डोक्यावर वजनच नसतं. मग कोठ्याचीच दारं इतकी का कुरकुरतात, जमिनीला का घासतात?

कारण इथे त्रास वरून येत नाही, बाजूनं येतो. आणि तो बराचसा दारच देतं. ९० सेंटीमीटर रुंद, २० किलो वजनाची फळी घ्या. तिचं वजन बिजागऱ्यांपासून ४५ सेंटीमीटर लांब, मधोमध लोंबतं. दोन बिजागऱ्यांत दीड मीटर अंतर असेल तर वरची बिजागरी खांबाला सुमारे ६ किलोच्या जोरानं बाहेर ओढते आणि खालची तेवढ्याच जोरानं आत रेटते. बिजागऱ्या जवळ आणून अंतर निम्मं केलं की ओढ १२ किलो. आणि २५ किलोचं पोरगं कडीला लोंबकळून झोके घेऊ लागलं (घेतंच!) तर दीड मीटरच्या हिशेबातही ६ चे २१ होतात. कुडाच्या काड्यांना हे पेलणारं नाही. म्हणून दार छपराच्या मेढीला लागून ठेवायचं आणि बिजागऱ्या त्या मेढीवरच ठोकायच्या. पलीकडच्या अंगाला एकच नवा खांब लागतो, तोही फक्त कडी-कोयंड्यापुरता.

पण दारासाठी कुडाच्या आडव्या कमच्या तोडल्या, त्याचं काय? त्या नुसत्या लेप धरायला नव्हत्या. खांबांना एकमेकांशी बांधून ठेवत होत्या. तुटलेली सगळी टोकं दोन्ही खांबांना पुन्हा घट्ट बांधावी लागतात, नाहीतर वैशाखातल्या वावधनात भिंत तिथूनच फडफडू लागते. याच कारणानं कोपऱ्यातल्या गाळ्यात दार नको. वाऱ्याला अडवणारे तिरपे टेकू तिथेच द्यायचे असतात.

तिरप्या लाकडाची करामत मला नेहमीच अचंब्याची वाटते. चौकोनाच्या चारही बाजू तेवढ्याच ठेवून तो कलंडवता येतो. त्रिकोण काही केल्या कलंडत नाही. म्हणून सुतार चौकट बसेपर्यंत तिच्यावर एक तिरपी पट्टी ठोकून ठेवतो. चौकट काटकोनात आहे की नाही हे तपासायला गुण्याही लागत नाही, सुतळी पुरते. ९० बाय १८० सेंटीमीटरच्या चौकटीत दोन्ही कर्ण २०१ सेंटीमीटरच्या आसपास यायला हवेत. वरची बाजू २ सेंटीमीटर सरकली की एक कर्ण जवळपास १ सेंटीमीटर वाढतो, दुसरा तेवढाच घटतो. डोळ्याला न दिसलेला कल सुतळी दाखवते. फळीच्या पाठीवरची तिरपी पट्टीही खालच्या बिजागरीकडून निघून कडीच्या वरच्या कोपऱ्याकडे चढली पाहिजे. तशी लावली तर ती लोंबणारं वजन बिजागरीकडे रेटत नेते. उलटी लावली की तिचे खिळे ओढ खाऊन सैल होतात.

एवढं करूनही वर्ध्याची काळी माती आपला हिसका दाखवतेच. कपाशीला मानवणारी ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यात उथळ गाडलेल्या मेढी वर्षभर किंचित हलत राहतात. खड्डा मुरमाला लागेपर्यंत खणायचा तो यासाठी. शिवाय लाकूड स्वतःही फुगतं: लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत मात्र चांगलंच. त्यामुळे चौकटीच्या डोक्यावर आणि छपराच्या आडव्या लाकडाखाली बोटभर फट सोडतात, छप्पर दबलं तरी चौकटीवर बसू नये म्हणून. फळीच्या बाजूंनाही थोडी मोकळीक देतात. आणि श्रावणात दार अडकलं म्हणून कोणी ओरडत आलं, तरी जाणता सुतार लगेच रंधा काढत नाही. तेव्हा तासलेल्या दाराला फाल्गुनात एवढी फट पडते की मांजर आतबाहेर करू लागतं.