छपरावरचे पाणी आणि वर्गातले गणित

आठवीच्या वर्गाचा घनफळाचा घटक नुकताच पूर्ण झाला होता. चाचणीत बहुतेकांना चांगले गुण मिळाले होते. त्याच आठवड्यात शाळेची सिमेंटची टाकी धुण्यासाठी रिकामी केली होती. टाकीशी उभ्या असलेल्या मुलांना मी सहज विचारले, "हिच्यात किती लिटर पाणी मावत असेल?" वर्गातला सर्वांत हुशार मुलगा म्हणाला, "सर, लांबी-रुंदी दिली तर सांगतो."

टाकी समोर होती. मोजपट्टी कार्यालयात होती. पण लांबी-रुंदी ही 'दिलेली' असते, मोजायची नसते, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. दोष त्याचा नव्हता. आपल्या पाठटाचणात आधी सूत्र येते, मग सोडवलेली उदाहरणे, मग स्वाध्याय. उपयोजन शेवटी, तेही तास उरला तर.

हा क्रम उलटा करून पाहण्यासारखा आहे. घटक शिकून झाल्यावर मुलांना नेमके काय करता आले पाहिजे, हे आधी ठरवायचे आणि मग तिथपर्यंत नेणारे तास आखायचे. अमेरिकेतील ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय यांनी 1998 साली पुस्तक लिहून ही पद्धत नीट मांडली. कल्पना मात्र कोणत्याही गवंड्याला ठाऊक असते. घर कसे हवे हे ठरल्याशिवाय तो पाया खणत नाही.

आम्ही पुढच्या वर्षी जुलैसाठी एकच प्रश्न घेतला : शाळेच्या छपरावर पडणारे पाणी साठवले, तर हात धुण्यासाठी आणि स्वच्छतागृहासाठी ते किती दिवस पुरेल? उत्तर शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडायचे होते. ही अट महत्त्वाची आहे. उत्तराची खरोखर कोणाला तरी गरज असली, की मुले आकडा पुन्हा तपासतात; वहीत फक्त बरोबरची खूण मिळणार असेल तर तपासत नाहीत.

पहिला तास पर्जन्यमापकाचा. उभ्या भिंतींचे दोन डबे, एक पसरट आणि एक अरुंद, उघड्यावर ठेवले. पाण्याची उंची कशात जास्त भरेल? जवळजवळ सगळ्या वर्गाने पसरट डब्याकडे बोट दाखवले. पाऊस थांबल्यावर पट्टी घालून पाहिले, तर उंची सारखीच! मोठ्या तोंडात थेंब जास्त पडतात, पण पसरायला जागाही तेवढीच जास्त असते. पाऊस लिटरमध्ये न सांगता मिलिमीटरमध्ये का सांगतात, हे त्या दिवशी समजावून सांगावे लागले नाही. तिथून पुढची पायरी मुलांनीच चढावी. 1 चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाणी साचले, तर ते बरोबर 1 लिटर भरते. कृपा करून हे फळ्यावर आधी लिहू नका. एक तास जास्त गेला तरी चालेल.

खरा वाद झाला तो छपरावरून. आमचे छप्पर उतरत्या पत्र्याचे. एका गटाने पत्र्याची तिरकी लांबी धरली, तर दुसऱ्याने छपराखालच्या जमिनीची. कोण बरोबर? वही पावसात आडवी धरा आणि मग तिची एक कड उचला. वही तेवढीच आहे, पण ती आता कमी थेंब अडवते. म्हणजे छपराने जमिनीची जेवढी जागा झाकली, तेवढेच क्षेत्रफळ मोजायचे. मुलांनी पागोळ्यांच्या कडेवरून ओळंबा सोडला आणि खाली खुणा करून मापे घेतली : 24 मीटर आणि 6 मीटर, म्हणजे 144 चौरस मीटर. (वाऱ्याने पाऊस तिरका येतो तेव्हा काय, असे एका मुलीने विचारले. त्याचा हिशेब आम्ही सोडून दिला, पण प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात महिनाभर राहिला.)

मग आकडेमोड भराभर झाली. 25 मिलिमीटर पाऊस म्हणजे 3600 लिटर. काही पाणी पत्रा भिजण्यात, उडण्यात, गळण्यात जाते, म्हणून 80 टक्केच हाती येईल असे धरले : 2880 लिटर. 120 मुले, प्रत्येकी 3 लिटर, रोज 360 लिटर. म्हणजे 8 दिवस. वर्षाचा पाऊस 600 मिलिमीटर धरला, तर 69,120 लिटर, म्हणजे 192 दिवस. वर्गात टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "पण ठेवणार कुठं?" सगळे पाणी एकदम साठवायचे तर 6 मीटर लांब-रुंद खोली 1.92 मीटर उंचीपर्यंत भरेल, सरांच्या डोक्याच्याही वर! टाकी मग किती मोठी हवी? पावसाळ्यात पाणी येतही असते आणि खर्चही होते, तेव्हा रोजची आवक-जावक मांडावी लागते. घटकातले सर्वांत कसदार काम इथे होते आणि आमचे नियोजन इथेच चुकले. मी दोन तासिका ठेवल्या होत्या, चार लागल्या.

मूल्यमापनासाठी तोच प्रश्न आकडे बदलून देऊ नये. मी 26 जुलै 2005 च्या मुंबईचे आकडे दिले. त्या 24 तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहरात कुलाब्याला सुमारे 73 मिलिमीटर. प्रश्न दोन होते. सांताक्रूझचा पाऊस आपल्या छपरावर पडता, तर किती लिटर पाणी आले असते? आणि आपल्या हिशेबासाठी तालुक्याच्या ठिकाणचा आकडा वापरावा, की शाळेतल्या डब्याचा? पहिल्याचे उत्तर 1,35,936 लिटर, ते बहुतेकांना आले. दुसऱ्यावर मात्र निम्म्या वर्गाने लिहिले, की सरकारी आकडा आहे म्हणून तोच बरोबर. सूत्र येणे आणि समजणे यांतले अंतर या एका उत्तरात दिसते, म्हणून तो प्रश्न मी आजही ठेवतो.

करून पाहणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. प्लॅस्टिकच्या बाटलीचा पर्जन्यमापक करायचा तर निमुळते तोंड कापून तेच उलटे बसवावे. बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून आत खडे व थोडे पाणी घालून तिथे शून्याची खूण करावी. झाड आणि भिंत यांच्यापासून ती दूर ठेवावी. हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठला होते. शाळा उशिरा भरत असेल तर स्वतःची वेळ ठरवावी, पण मग ती बदलू नये. रविवारच्या नोंदीसाठी शाळेजवळ राहणारी दोन मुले नेमावीत. एकच नेमले तर तो नेमका मामाच्या गावी जातो.