वाघ हिंगोलीवरून गेला

हिंगोली म्हटलं, की आठवते हळद, औंढा नागनाथ आणि नर्सी नामदेव. वाघ काही आठवत नाही. वाघ बघायचा तर ताडोबाला किंवा मेळघाटात जायचं, ही आपली पक्की समजूत. पण २०१९ साली एक वाघ आपल्या पायांनी या जिल्ह्यात आला आणि गेलाही.

यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला हा तरुण नर. त्या फेब्रुवारीत भारतीय वन्यजीव संस्थेनं त्याला रेडिओ कॉलर लावली होती. पावसाळ्याच्या सुरुवातीला तो बाहेर पडला. तेलंगणात डोकावला, पैनगंगेच्या खोऱ्यातून हिंगोलीमार्गे पुढे सरकला आणि वर्षअखेर बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पाच महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर! आळंदी-पंढरपूरच्या पाच वाऱ्या भरतील.

हा खटाटोप कशासाठी? टिपेश्वर अवघं १४८ चौरस किलोमीटरचं. बछडा वयात आला, की त्याला स्वतःची हद्द लागते. घरातच राहिला तर मारामारी अटळ. शिवाय नात्यातच जोड्या जमून वंश दुबळा होतो. हिंगोली-यवतमाळच्या सीमेवरचं ईसापूर अभयारण्य तर जेमतेम ३८ चौरस किलोमीटरचं. ही सगळी बेटं. त्यांना जोडतात ते ओढे, झुडपी जंगल, गायरान आणि आपली उभी तूर-कपाशी. ओढ्याकाठची झाडी तोडून शेत दोन हात वाढवलं, की त्या वाटेचा एक तुकडा गेलाच.

वाघ रात्री चालायचा, दिवसा झुडपात पडून राहायचा. एवढ्या प्रवासात एकच माणूस किरकोळ जखमी झाला, तोही वाघ विसावला होता त्या झुडपात काही जण शिरले तेव्हा.

मात्र वाघानं रानडुकरांबरोबर गुरंही मारली. ज्याच्या दावणीची गाय गेली, त्याला या प्रवासाचं कौतुक कसं वाटावं? माझ्या मते संवर्धनाची खरी कसोटी इथे आहे. पंचनामा लगेच झाला, भरपाई हातात वेळेवर पडली, तरच शेतकरी पुढच्या वाघाला वाट देईल. अभयारण्याची सीमा सरकार आखतं. त्याबाहेरचा वाघ शेतकऱ्याच्या भरवशावर चालतो.