‘गॅस’ म्हणजे कोणता वायू? : काही परिचित शब्दांचे नेमके अर्थ

चेन्नईच्या उत्तरेस, बंगालच्या उपसागराच्या काठी एन्नोर वसलेले आहे. २६ डिसेंबर २०२३ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास तेथील खतकारखान्याच्या समुद्राखालील नळातून अमोनिया गळला. किनाऱ्यावरील कुटुंबे मुलांबाळांसह घराबाहेर पडली. अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. अशा प्रसंगी ‘गॅस सुटला’ एवढेच तोंडोतोंडी पसरते. परंतु वाचकहो, या एका शब्दावरून काय करावे, हे कळत नाही.

वायू : स्वयंपाकघरातील सिलिंडरचा गॅस हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. अमोनिया हवेहून हलका आहे; तो वर जातो. मात्र नळातून अतिशय थंड स्थितीत बाहेर पडला, तर तोही प्रथम धुक्यासारखा जमिनीलगत पसरू शकतो. म्हणून दोन्ही प्रसंगी एकच नियम लावता येत नाही.

अमोनिया : नत्राचा एक व हायड्रोजनाचे तीन अणू मिळून याचा रेणू बनतो. कल्हईवाल्याचा नवसागर आपण पाहिला असेल. तो म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्याच्याच लॅटिन नावावरून ‘अमोनिया’ हा शब्द आला. उणे ३३ अंश सेल्सियसपर्यंत थंड केला की हा वायू द्रवरूप होतो व थोड्या जागेत मावतो. त्यामुळे तो जहाजांतून आणता येतो. शेतीच्या खतांत त्याचाच नत्र असतो.

विद्राव्य : पाण्यात विरघळणारा. अमोनिया पाण्यात फार सहज विरघळतो. डोळ्यांतील व घशातील ओलाव्यात तो विरघळतो म्हणूनच आग होते. आणि याच गुणामुळे नाकातोंडावर धरलेले ओले फडके काहीसा आधार देते.

अल्कली : आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ. पाण्यात विरघळलेला अमोनिया अल्कलीधर्मी असतो. ‘आम्ल अल्कलीला मारते’ असे शाळेत शिकलो, म्हणून डोळ्यात लिंबू किंवा ताक कदापि घालू नये. भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे बराच वेळ धुवावेत व लगेच डॉक्टरांकडे जावे.

प्रमाण : त्या रात्री कारखान्याजवळच्या हवेत प्रत्येक घनमीटरमागे २,०९० मायक्रोग्रॅम अमोनिया आढळला, चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा ४०० आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ४९ मिलिग्रॅम आढळला. तेथे मर्यादा ५ आहे. मायक्रोग्रॅम हा मिलिग्रॅमचा हजारावा भाग होय. तेव्हा नुसता आकडा पाहून घाबरू नये किंवा निर्धास्तही होऊ नये. एकक कोणते, हवेतले की पाण्यातले, आणि किती वेळातले मोजमाप, हे तिन्ही विचारावे. मर्यादा सरासरीची असेल, तर एका घटकेच्या आकड्याशी तिची तुलना जपूनच करावी.

आपल्या गावाजवळही एखादा कारखाना, बर्फखाना वा शीतगृह असेल. तेथे कोणता वायू वापरतात, हे आजच विचारून ठेवावे. अमोनियाचा उग्र दर्प आला, तर वारा कोणत्या दिशेने येतो ते पाहून वाऱ्याला आडवे चालत त्याच्या झोतातून बाहेर पडावे, आणि घरातील लहानथोरांना ही रीत आधीच समजावून सांगावी. शब्दाचा अर्थ ठाऊक असला, तर मध्यरात्रीही पाऊल योग्य दिशेस पडते.