ऊष्मादीप्ती

ऊष्मादीप्ती किंवा थर्मोल्युमिनेसन्स म्हणजे काही स्फटिकी पदार्थांनी पूर्वी शोषलेली प्रारणांची ऊर्जा, ते तापवले असता, प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडणे. नावामुळे गैरसमज होण्याचा संभव आहे. येथे उष्णता प्रकाश निर्माण करीत नाही. ती अडकलेली ऊर्जा केवळ मोकळी करते. लोखंड कितीही वेळा तापवले तरी लाल होते, परंतु ऊष्मादीप्त पदार्थ एकदा प्रकाशला की पुन्हा प्रारणांच्या संपर्कात आल्याखेरीज प्रकाशत नाही. रॉबर्ट बॉइल यांनी १६६३ मध्ये हिऱ्यातील अशा प्रकाशाची नोंद केली होती.

स्फटिकातील दोषांचे कार्य

पूर्णपणे निर्दोष स्फटिकात ही घटना घडणार नाही. क्ष-किरण किंवा गॅमा किरण स्फटिकात शिरले की काही इलेक्ट्रॉन आपल्या जागेवरून सुटून संवहन पट्ट्यात जातात. त्यांपैकी बहुतेक लगेच परततात. जेथे एखादा अणू गळालेला आहे किंवा परक्या मूलद्रव्याचा अणू येऊन बसला आहे, तेथे मात्र काही इलेक्ट्रॉन व त्यांच्यामागे राहिलेल्या धनभारित रिक्त जागा अडकून पडतात. या ठिकाणांना सापळे म्हणतात. सापळा जितका खोल, तितके तो रिकामा करण्यास लागणारे तापमान अधिक; हा संबंध रँडल व विल्किन्स यांनी १९४५ मध्ये गणिताने मांडला. उथळ सापळे खोलीच्या तापमानालाच गळू लागतात. फार खोल सापळे रिकामे करू गेल्यास तापलेल्या वस्तूच्या स्वतःच्या तेजात हवा असलेला मंद प्रकाश बुडून जातो. म्हणून मापनासाठी सुमारे २०० ते २५० अंश सेल्सिअसला प्रकाशणारे पदार्थ सोयीचे ठरतात.

भारतात वापरला जाणारा पदार्थ डिस्प्रोशियमयुक्त कॅल्शियम सल्फेट हा आहे. फळ्यावर लिहिण्याचा खडू बहुधा याच संयुगाच्या जलयुक्त रूपाचा, म्हणजे जिप्समचा, असतो. फरक घडवते ती अत्यल्प भेसळ: दर १०,००० कॅल्शियम अणूंमागे साधारण ५ डिस्प्रोशियम अणू. कॅल्शियमच्या आयनावर दोन धनभार असतात, तर डिस्प्रोशियमच्या आयनावर तीन. हा वाढीव भार भरून काढण्यासाठी जालकात कॅल्शियमच्या काही जागा रिकाम्या राहतात. अशा पदार्थांविषयी नंबी, बापट व गांगुली यांचा १९७४ चा शोधनिबंध प्रसिद्ध आहे.

टीएलडी बॅज

मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने १९७५ पासून प्रारणांशी संबंधित कर्मचाऱ्यांसाठी हा पदार्थ वापरात आणला. त्यापूर्वी फिल्म बॅज वापरत. निकेलचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर टेफ्लॉनमिश्रित ३ चकत्या बसवलेल्या असतात. एक धातूच्या गाळणीखाली, दुसरी प्लॅस्टिकखाली, तर तिसरी उघडी असते. कॅल्शियम सल्फेट कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांना मानवी ऊतींपेक्षा कितीतरी अधिक प्रतिसाद देते. त्यामुळे केवळ एका चकतीवरून मात्रा काढल्यास ती फुगलेली दिसेल. तिन्ही वाचनांची तुलना केल्यावर प्रारणाचा प्रकार व ऊर्जा यांचा अंदाज येतो.

चकती तापवताना निघणारा प्रकाश फोटोमल्टिप्लायर नलिकेने मोजतात. हे वाचन करताना साठा जवळजवळ संपतो, म्हणून तीच चकती पुन्हा वाचून शंकानिरसन करता येत नाही. दुसरी मर्यादा माणसांच्या सवयीची आहे. बॅज क्ष-किरण खोलीत खुंटीवर राहिला तर न मिळालेली मात्रा कर्मचाऱ्याच्या नावावर चढते, आणि कपाटात राहिला तर मिळालेली मात्रा नोंदलीच जात नाही. बॅज छातीवर, शिशाचा ॲप्रन असल्यास त्याच्या आत लावावयाचा असतो. अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यांसाठी सलग ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, व कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा ठरवली आहे.

कालमापन व लोणारचा प्रश्न

कुंभाराच्या आव्यात मडके भाजताना मातीतील खनिजांचे सापळे रिकामे होतात व त्यानंतर परिसरातील नैसर्गिक प्रारणांनी ते पुन्हा भरू लागतात. साठलेल्या मात्रेला वार्षिक मात्रेने भागले की भाजल्यापासूनचा काळ मिळतो. हेच तत्त्व बुलढाणा जिल्ह्यातील लोणार विवराला लावले गेले, कारण आघाताच्या उष्णतेनेही खडकातील सापळे रिकामे होतात. १९९७ मध्ये या पद्धतीने विवराचे वय सुमारे ५२,००० वर्षे निघाले. २०११ मध्ये आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने मात्र ते सुमारे ५,७०,००० वर्षे, म्हणजे जवळजवळ ११ पट, आले. सापळ्यांची संख्या मर्यादित असल्याने ते भरल्यानंतरचा काळ नोंदला जात नाही. शिवाय ज्वालामुखीय खडकांतील फेल्डस्पार खनिजात खोल सापळ्यांतूनही इलेक्ट्रॉन अपेक्षेपेक्षा लवकर निसटतात, हे ॲन विंटल यांनी १९७३ मध्येच दाखवले होते. दख्खनचा बेसॉल्ट अशाच फेल्डस्पारने समृद्ध आहे. या दोन्ही कारणांनी वय कमीच भरते, जास्त नव्हे.