‘शाळा’ बघितला, मग पुस्तक कशाला?

सदलग्यातली दहावीची भाची विचारत होती, “मामा, ‘शाळा’ पिक्चर बघितला की! आता पुस्तक कशाला वाचू?”

अगं, मिलिंद बोकिलांच्या कादंबरीत आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी स्वतःच बोलतो. त्याच्या डोक्यातली ती अखंड बडबड, हीच खरी मजा! सुजय डहाकेंनी २०१२च्या सिनेमात बरंचसं नजरेवर सोपवलं. रूपांतरित पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच. तरी माझं मत पुस्तकाला.

‘फास्टर फेणे’चं उलट. भा. रा. भागवतांचा शाळकरी बन्या २०१७च्या सिनेमात थेट मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसतो! बन्या साकारणाऱ्या अमेय वाघमुळे तेही पटतं.

डहाकेंचाच ‘श्यामची आई’ (२०२३) कृष्णधवल आहे. कुणी बघितलाय? आणि पुढचा सिनेमा कुठल्या पुस्तकावर हवा?