चौकांतील समोसा आणि घरची भाकर

सायंकाळीं परतवाड्याच्या बाजारांतून येतांना एक गोष्ट कोणाच्याही ध्यानांत येण्यासारखी आहे. हातगाड्यांभोंवतीं जी गर्दी असते, ती केवळ शहरांतील तरुणांची नसते. तींत अचलपूर तालुक्याच्या खेड्यांतून आलेले खातेदार असतात, त्यांचीं मुलें असतात, आणि कधीं कधीं सबंध कुटुंब असतें. बाजारांत हरभरा घालावा, पैसे घ्यावे, त्याच हरभऱ्याच्या बेसनाचीं भजीं व मैद्याचे समोसे खावे, आणि आणखी एक पुडा बांधून घरीं न्यावा, असा क्रम पडत चालला आहे. ज्याच्या घरीं धान्य पिकतें त्यानेंच शिजलेलें अन्न विकत आणावें, ही गोष्ट शेतकरी बंधूंनीं विचार करण्यासारखी आहे.

बाहेरचें खाणें वऱ्हाडास नवें आहे असें नाहीं. शेगांवास गजानन महाराजांच्या दर्शनाला जाणारा मनुष्य तेथील कचोरी घेई. यात्रेंत शेव-चिवडा घेई. परंतु तें प्रवासांतलें खाणें होतें, आणि प्रवास संपला कीं तेंही संपे. हल्लीं प्रवासांतलें खाणें घरांत मुक्कामास आलें आहे, हा खरा फरक होय.

याचें एक कारण आपल्या शेतांतच आहे. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां गांव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंदवही, वर्षानुवर्षें आमच्या नजरेखालून गेली. सन १९९० नंतरच्या नोंदींत ज्वारीखालचें क्षेत्र आटत गेलें व सोयाबीनचें वाढत गेलें. शेतकऱ्यानें हें उगाच केलें नाहीं. ज्वारीवर पांखरें पडतात, रानडुकरें ती आडवी करितात, दाणा पक्व होतांना पाऊस लागला तर तो काळा पडतो, आणि इतकें सोसूनही भाव हातीं येत नाहीं. उलट सोयाबीन सुमारें शंभर दिवसांत निघतें व त्याच शेतांत पुढें हरभरा घेतां येतो. हिशेब चुकीचा नव्हता. परंतु त्या हिशेबांत घरचें ताट धरलें गेलें नाहीं. ज्वारी शेतांतून गेली ती कोठींतूनही गेली. आणि कोठींत नसलेली वस्तु तव्यावर कोठून येणार?

भाकरीचा अभिमान केवळ जुन्याची आवड म्हणून धरावा असें आमचें म्हणणें नाहीं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें सन २०१७ मध्यें भारतीय अन्नपदार्थांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. त्यांत १०० ग्रॅम ज्वारींत सुमारें १० ग्रॅम तंतुमय भाग व सुमारें ४ मिलिग्रॅम लोह दाखविलें आहे. तितक्याच मैद्यांत तंतुमय भाग ३ ग्रॅमांहून कमी व लोह २ मिलिग्रॅमांहून कमी भरतें. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन नांवाचें जें द्रव्य कमी पडतें, तें तुरीच्या डाळींत चांगल्या प्रमाणांत असतें. सबब भाकर आणि वरण ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढते. शिवाय गाडीवरील तेल पुन्हां पुन्हां तापून बिघडतें. असें तेल कोणत्या मर्यादेनंतर वापरूं नये, याचा नियम सन २०१८ पासून लागू आहे. परंतु कढईपुढें उभ्या असलेल्या गिऱ्हाइकास ती मर्यादा डोळ्यांनीं मोजतां येत नाहीं.

परिणाम काय होतो तोही पाहावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सन २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणींत देशांत मधुमेहाचे सुमारें १० कोटि १० लक्ष रोगी असल्याचें आढळलें. पुढील वर्षीं पोषण संस्थेनें आहाराचीं मार्गदर्शक तत्त्वें दिलीं. देशांतील एकूण रोगभारापैकीं ५६.४ टक्के भार अयोग्य आहारामुळें आहे, असें त्यांत म्हटलें आहे.

पैशाचा हिशेबही सोपा आहे. सन २०२४-२५ करितां संकरित ज्वारीचा आधारभाव क्विंटलास ३,३७१ रुपये होता. एका किलोच्या पिठांत मध्यम आकाराच्या दहाएक भाकरी होतात, म्हणजे एका भाकरीचें धान्य साडेतीन रुपयांच्या आंत पडलें. याच्या शेजारीं एका समोशाची किंमत मांडून पाहावी.

हें सर्व आम्हीं एकदां आपल्या घरीं मोठ्या अधिकारानें सांगितलें. कापूस वेचणीचे दिवस होते, आणि नातवंडांपुढें नूडल्सच्या वाट्या पाहून आम्हांस राग आला होता. सूनबाईंनीं शांतपणें ऐकून घेतलें व म्हटलें, "मामाजी, भाकर चांगली हे मलेबी समजते. पन दिवसभर कापूस वेचून आल्यावर ते थापाची कोनं?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्ही स्वतः त्या वेळीं ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलों होतों. घरच्या अन्नाचा कैवार पुरुषानें घ्यावा आणि त्याची किंमत मात्र दमून आलेल्या बाईनें भरावी, असा हा व्यवहार चालत आला आहे. तयार पुडा घरांत शिरला, तो पुष्कळ अंशीं याच वाटेनें शिरला. बायकांच्या आळसास दोष देणाऱ्यांनीं एक दिवस वेचणी करून मग चुलीपुढें बसावें.

तेव्हांपासून आमच्या घरीं कामाची वांटणी झाली. भाजी निवडणें व सायंकाळचा कुकर लावणें आमच्याकडे आलें; दळण व भांडीं चिरंजीव पाहतात. भाकर थापावयासही आम्ही शिकलों. पहिली भाकर गोल न होतां एखाद्या वांध्यांतील सर्व्हे नंबरासारखी चहूं बाजूंनीं वेडीवांकडी झाली, व मुलें पोट धरून हंसलीं. आतां ती निदान तव्यावर धड राहते.

वेचणीच्या दिवसांत रोज साग्रसंगीत स्वयंपाक हवाच असेंही नाहीं. मुगाची खिचडी अर्ध्या तासांत होते. उरलेली भाकर कुस्करून फोडणी दिली कीं मुलें आवडीनें खातात. दुधांत भिजविलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशींही मऊ राहतात. जवसाची व शेंगदाण्याची चटणी एकदां कुटली कीं कित्येक दिवस पुरते. उन्हाळ्यांत घातलेल्या खारोड्या पावसाळाभर कामास येतात. मधल्या भुकेला ज्वारीच्या लाह्या, फुटाणे व गूळ आहेतच. हेंच आपलें झटपट खाणें होय.

दुसरा उपाय शेतांतला. घरापुरती तरी ज्वारी प्रत्येकानें पेरावी. एकट्या तुकड्यावर पांखरें तुटून पडतात. सबब शेजारच्या चार खातेदारांनीं ती लागून पेरावी व राखण वांटून घ्यावी. कडबा बैलांस होईल तो निराळाच. धुऱ्यावर अंबाडीची ओळ टाकली तर भाजीचीही सोय होते. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनीं सन २०२३ हें भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. शहरांतील दुकानांत ज्वारीचीं बिस्किटें सुबक पुड्यांतून मिळतात. आपल्या कोठींतून गेलेली ज्वारी आपणच पुड्यांतून विकत घ्यावी, इतकी पाळी येऊं देऊं नये.

तिसरी गोष्ट मुलांची. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आंत अति चरबी, मीठ वा साखर असलेले पदार्थ विकूं नयेत, असा नियम सन २०२० मध्यें झाला आहे. तो कितपत पाळला जातो, हें ज्यानें त्यानें आपल्या गांवच्या शाळेपुढें मधल्या सुटींत उभें राहून पाहावें, व शाळेच्या समितींत तो विषय काढावा.

बाहेरचें कांहीं चाखूंच नये, असा आमचा आग्रह नाहीं. शेगांवास गेलों तर कचोरी आम्ही आजही घेतों. मात्र ती तेथेंच संपवून येतों. वाचकांस विनंती इतकीच कीं, येत्या हंगामांत कोणत्या शेतांत काय पेरावें हें ठरवितांना घरचें ताट हाही एक खातेदार समजावा, त्याच्या नांवें थोडी जमीन लिहावी, आणि चुलीपुढील कामांत आपलेंही नांव लावून घ्यावें.